अकरा नंबर

गोळीबार चौकामागच्या केंद्रात आज सुया नाहीत.
टेबलावर पोळपाटाएवढं एक यंत्र
आणि कागदी पेल्यांची चळत,
चहाच्या टपरीवर असते तशीच.
यंत्र घुरघुरतं, पेल्यात धुकं उतरतं.
मे महिन्यात, नागपुरात, धुकं!
पेला तोंडाला लावायचा, आत ओढायचं,
पाच मोजेपर्यंत धरून ठेवायचं.
झालं. बाही वर करायची नाही.

मी पंचशीला मेश्राम. बावीस वर्षं टोचत आले.
मला गल्लीत पाहिलं की लेकरं आईमागे लपायची.
आज हातांना काय करावं कळेना,
पेलेच सरळ करत बसले.

अकरा नंबर : उरकुडा निनावे, वय एकाहत्तर.
संमतीपत्र दोनदा वाचलं,
चष्मा पुसून तिसऱ्यांदा.
"सही काहून पाह्यजे, बाई?"
"चाचणी आहे, बाबा. तुमच्या आत काही जाणार,
विचारल्याशिवाय कसं?"
ते हसले. हसण्याचा खोकला झाला.
तो थांबेस्तोवर मी कूलरच्या वाळ्याकडे पाहत राहिले.

"एकोणतीस वर्स मिलच्या ब्लोरूममंधी होतो.
कापूस उडे, नाकातोंडात जाये,
संध्याकाळी थुकलं का पांढरं सूत.
तवा कोनी सही नाही घेतली.
लेक देल्ली कोराडीले, तिच्या वाळवनावर राख पडते,
थे बी इचारत नाही.
शेजारच्याचा टीबी इचारून आला होता काय?"
आणि सही केली,
कागदाच्या मागच्या बाजूला उमटेल इतकी दाबून.

मग नावाचं सांगितलं, मी न विचारता.
"माह्या आंधीचे दोघं घटसर्पानं गेले,
एकाच आठवड्यात. गळा भरे, दम अटके.
मी झालो तं मायनं उकिरड्यावर ठेवलं,
शेजारनीनं उचललं,
मायनं एक आना देऊन मले इकत घेतलं.
नाव ठेवलं असं, का मरनाले किळस यावी.
पयली लस थेच."
दुसरी त्यांनी दाखवली,
दंडावरचा देवीचा वण, जुन्या पैशाएवढा, चुरगळलेला.
"याचा वन कुठं राह्यते?"

प्रशिक्षणात शिकवलेलं मी घोकलं होतं :
रोग ज्या वाटेनं येतो त्याच वाटेवर,
नाकात, घशात, फुप्फुसाच्या ओल्या अस्तरावर...
म्हटलं, "दारातच पहारेकरी बसतो, बाबा."
"दार तं मिलनं खाल्लं.
थो बसन कुठं?"

यावर मला शिकवलेलं काही नव्हतं.
डॉक्टरीणबाईंनी छाती पुन्हा तपासली,
कागद पुन्हा पाहिले, मान हलवली : चालेल.

त्यांनी पेला दोन्ही हातांनी धरला.
ओढलं.
एक, दोन, तीन, चार, पाच. सोडा, बाबा.
सोडेनात.
सहा. सात. डोळे मिटलेले.
आठ. बाकावरची सगळी माणसं गप्प.
नवाला सोडला,
झोपलेलं लेकरू खाली ठेवावं तसा, हळू.
"गाठ फोडताना असाच धरून ठेवो आमी,"
म्हणाले, "नाही तं पुरा कापूस आत."

बारा नंबरच्या मुलीनं त्यांनाच विचारलं, "दुखते काय?"
"नाही वं. गार लागते."

अर्धा तास बसायचं होतं. निघताना पाहिलं,
पेला घडी करून सदऱ्याच्या खिशात.
"वन नाही तं हा तरी."
पेला पिवळ्या पिशवीतच जायला हवा, नियम आहे.
मी मागितला. त्यांनी दिला, शहाण्या मुलासारखा,
आणि मलाच वाईट वाटलं.

ड्रॉवरमध्ये पोलिओ रविवारचा मार्कर पडून होता.
त्यांची करंगळी धरली,
नखावर काळी रेघ ओढली.
हे कुठल्या रजिस्टरात नाही.

यंत्र पुन्हा घुरघुरू लागलं, तेरा नंबर पुढे आला.
उरकुडा निनावे दारातल्या उन्हात उभे होते,
शाई वाळावी म्हणून
करंगळीवर फुंकर घालत.